मान सोडा, वहिनी

डहाणूजवळच्या त्या गावात आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात चिकूंनी भरलेली करंडी. मी "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांनी करंडी उंबऱ्याशी ठेवली आणि विचारलं,

"वहिनी, पोहता येतं का?"

नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मिस्टर कुठल्या बँकेत आहेत तेही नाही. मी गोंधळून म्हटलं, "नाही हो. मी माणदेशातली. आमच्याकडे प्यायला टँकर यायचा, पोहणार कुठे?"

"आणि मिस्टरांना?"

"त्यांना येतं."

"हं. म्हणजे नेहमीसारखंच," असं म्हणून ते वळले. फाटकापाशी थांबून म्हणाले, "चिकू तांदळात घालून ठेवा. परवा खा. आज खाल्लेत तर तोंड चिकट होईल आणि शिव्या मला द्याल."

हे नारूकाका. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, अंगाने सडसडीत, गुडघे दुखरे, आणि आवाज असा की वाडीच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाला झाडावर चढलेल्या माणसाचा हात थांबावा. वाडी मोठी नव्हती. चिकू, बांधावर नारळ, थोडी मिरची, आणि मधोमध एक भली रुंद विहीर. दगडी बांधणीची, एका अंगाला पायऱ्या असलेली. पावसाळ्यानंतर पाणी इतकं वर यायचं की वरच्या पायरीवर बसून पाय बुडवता यायचे.

काकांकडे जे काही होतं ते त्यांच्या आजोबांकडून आलेलं होतं, आणि हे ते रोज सांगायचे. बढाई म्हणून नाही, पावती दिल्यासारखं. कोयता दुसऱ्याच्या हातात देताना मूठ त्याच्याकडे करायची, हे आजोबांचं. शिडीवर चढण्याआधी ती दोन्ही हातांनी हलवून बघायची, मग ती आपण स्वतः लावलेली का असेना, हेही आजोबांचं. चिकू काढायचा की नाही ते नखाने ओरखडून ठरवायचं. बाजारात भाव सांगून झाल्यावर गप्प बसायचं, कारण पुढे जो बोलतो तो उतरतो. घरात कुणी मोठ्याने रडत असेल तर आधी पाणी द्यायचं आणि मग विचारायचं.

"आजोबा शाळेत गेले नव्हते का हो?" मी एकदा विचारलं.

"गेले होते की. मास्तरांनी मारलं म्हणून परत आले. मग तेच मास्तर आजोबांकडे पोहायला शिकायला यायचे. आजोबांनी नाही मारलं."

त्या विहिरीवर सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी बायकांचा वर्ग भरायचा. वर्ग हा माझा शब्द. काका म्हणायचे, "बायका येतात." सुरुवात त्यांच्या नातीपासून झाली होती. मुग्धा चालायला लागली तेव्हापासून काका तिला पाण्यात घेऊन उतरायचे. पुढे तिच्या मैत्रिणी आल्या, मग मैत्रिणींच्या आया. मी गेले तेव्हा मुग्धा डहाणूला कॉलेजात होती आणि विहिरीत उतरून शिकवायचं काम तीच करायची. बायकांबरोबर काका पाण्यात उतरायचे नाहीत. ते काठावर खुर्ची टाकून बसत. बाजूला लांब बांबू आणि एक दोर, आणि पायाशी सोलायला ठेवलेले सुके नारळ.

नारळ हेच तिथलं तरंगायचं साधन. दोन सुके असोले, म्हणजे न सोललेले नारळ दोरीने जोडायचे, दोरी छातीखालून घ्यायची, नारळ दोन्ही काखांत येतात. माणूस बुडत नाही. पण काका कुणालाच बांधलेले नारळ देत नसत. प्रत्येकीला स्वतः गाठ मारायला लावत, मग ती गाठ बांबूला अडकवून स्वतःच ओढून बघायला लावत.

"दुसऱ्याने मारलेल्या गाठीवर जीव टाकायचा नाही," ते म्हणत. "मी मारलेल्यासुद्धा."

शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, फाटकाशी बसायच्या. हातात निवडायची भाजी असायची. त्या बसल्या आहेत तोवर एकही पुरुष आत येऊ शकत नसे; पेपरवाला पेपर बाहेरूनच फेकायचा. काकू स्वतः मात्र कधी पाण्यात उतरल्या नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या भिजून येणार. चहा करायला एक तरी कोरडी नको का?" आणि गवती चहा घातलेला तो चहा इतका चांगला असायचा की पुढे बोलायची सोय राहत नसे. पन्नास वर्षं संसार करून नारूकाकांना जी एक बाई शिकवता आली नाही ती त्यांच्या घरातच होती, आणि त्याबद्दल दोघं एकमेकांना यथेच्छ टोमणे मारत.

गावात सगळ्यांना हे आवडत होतं असं नाही. एका सकाळी आम्ही ओले केस पुसत ओसरीवर बसलो असताना पुढच्या गल्लीतले बाळूभाई दोघांना बरोबर घेऊन आले. बाळूभाईंचं किराणाचं दुकान; माणूस वाईट नाही, पण गावाची काळजी आपल्यालाच आहे अशी त्यांची समजूत होती.

"नारूकाका," ते म्हणाले, "बायका विहिरीत उतरतात, हे काही बरं दिसत नाही."

"दिसतं कुठून?" काकांनी विचारलं. "फाटक तर बंद असतं."

"तसं नाही. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

बाळूभाईंना नेमकं सांगता येईना. मग ते म्हणाले, "आणि कुणाला काही झालं तर? बुडालं तर? जबाबदारी कोणाची?"

 मला वाटलं, आता काका चिडणार. पण ते हळूच म्हणाले, "बाळू, तुझ्या घरामागे विहीर आहे. कठडा तुटलेला आहे. तिथे रोज तुझी बायको कपडे धुते. तिचं काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

 काकूंनी आतून चहा आणून दिला. पुढच्या आठवड्यात बाळूभाईंची बायको आली. स्कूटरवरून तिला सोडायला बाळूभाईच आले होते. फाटकाशी गाडी बंद न करताच त्यांनी तिला उतरवलं आणि भुर्रकन निघून गेले.

माझं शिकणं मात्र फार रखडलं. नारळ बांधून मी पाण्यात उतरायचे, पण पायरी सोडायचे नाही. मुग्धा हात धरून ओढायची, मी दगडाला घट्ट. विहिरीच्या पाण्याचा तो हिरवट काळा रंग बघितला की मला खाली काही तरी आहे असं वाटायचं. कशीबशी पायरी सोडली की मी डोकं वर काढायला धडपडायचे, आणि जितकं डोकं वर काढायचे तितकी खाली जायचे.

"मान सोडा, वहिनी!" काठावरून काकांचा आवाज यायचा. "मान सोडा!"

"सोडली की!"

"सोडली असती तर माझं ऐकू आलं नसतं. कान पाण्यात गेले पाहिजेत. आकाश बघा. काय दिसतंय?"

"नारळाचं झाड."

"त्याच्यावर कावळा आहे का?"

कावळा शोधायच्या नादात माझे कान पाण्यात गेले. एकदम सगळं शांत झालं. काकांचा आवाज गेला, बायकांचं हसणं गेलं. फक्त माझाच श्वास ऐकू येत होता. कधी तरी लक्षात आलं की मुग्धाचा हात माझ्या पाठीखाली नाही. काखेतले नारळ होते, पण मी त्यांना धरलेलं नव्हतं. मी तिथे पडून राहिले. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कुठे अशी हातपाय सोडून पडले नव्हते, अंथरुणातसुद्धा नाही.

वर आले तर काका खुर्चीत डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "कावळा होता?"

"नव्हता."

"मला माहीत होतं."

नंतर एकदा दुपारी मी त्यांच्याकडे काकूंचं भांडं परत करायला गेले. काका ओसरीवर नवा दोर वळत बसले होते. एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "ताणून धरा." मी धरला. विचारायचं ठरवून गेले नव्हते, पण विचारलं, "काका, तुम्हाला हे बायकांना शिकवायचं सुचलं कसं?"

दोराला पीळ देत देतच त्यांनी सांगितलं.

त्यांना यमू नावाची धाकटी बहीण होती. आजोबांनी घरातल्या सगळ्या नातवांना याच विहिरीत पोहायला शिकवलं. यमू काठावर बसून बघायची. तिने हट्ट धरला तेव्हा आजोबा म्हणाले, "मुलीला काय करायचंय?" ते रागावून म्हणाले नाहीत, प्रेमाने, केसांवरून हात फिरवत म्हणाले. श्रावणात विहीर तोंडापर्यंत भरली होती. मुलं शाळेत. यमू कळशी घेऊन पायरीवर गेली आणि शेवाळावरून पाय घसरला. आजोबा वाडीच्या दुसऱ्या टोकाला होते. कळशी दगडावर आपटल्याचा आवाज ऐकून ते धावत आले, त्या वयात उडी टाकली, तिला वर काढलं. पण उशीर झाला होता.

"मी शाळेतून आलो तर आजोबा तिला मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते," काका म्हणाले. "ओल्या कपड्यात. त्यांना कोणी उठवायला धजत नव्हतं. त्यानंतर ते मला सगळं शिकवत राहिले. झाडं, बाजार, दोर वळणं. पण विहिरीजवळ गेले की गप्प. मरायच्या आधी एकदाच म्हणाले, 'नारू, मी तिला नाही म्हणालो होतो.' मी तेव्हा जवान होतो. काय उत्तर द्यायचं ते सुचलं नाही."

दोराचा पीळ पुरा झाला होता. त्यांनी माझ्या हातातलं टोक घेतलं.

"आजोबांनी जे दिलं ते सगळं मी तसंच पुढे देतो. कोयत्याची मूठ पण तशीच. हे एवढं एक मी बदलून देतो. त्यांना आवडलं असतं असं मला वाटतं. माहीत नाही."

मग त्यांनी गाठ मारली आणि मला ओढून बघायला सांगितली.

वाडीत चिकू तोडायला तलासरीकडच्या पाड्यांवरून बायका येत. त्यांतली सविता सगळ्यात बोलकी. सकाळच्या जीपने यायची, संध्याकाळच्या जीपने जायची. घरी थोडी भातशेती, नवरा, दोन मुली. आमचा गोंधळ ती चिकूच्या झाडावरून बघायची आणि खो खो हसायची. एक दिवस काका खालून ओरडले, "हसतेस काय? तुला येतं का?"

"मला कुठून येणार, काका? आमचा ओहोळ उन्हाळ्यात कोरडा नि पावसात वेडा."

"मग खाली ये. काम नंतर कर. हजेरी लागेल."

सविता आमच्या सगळ्यांपेक्षा लवकर शिकली. तिला भीती कमी होती आणि अंगात ताकद होती. तिने नारळ लवकरच सोडून दिले. काका तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावत. पाठीवर पडायचं, पाय पुढे करायचे, हात पसरायचे, काही करायचं नाही. ती कंटाळायची. "काका, हे काय मेल्यागत पडून राहायचं? मला सूर मारायला शिकवा." काका म्हणायचे, "सूर मारून कुठे जाणार आहेस? विहीर एवढीशी आहे."

पुढचा पावसाळा जोरात आला. सलग पाऊस लागला की वाडीतलं काम बंद असायचं, त्यामुळे सविता काही दिवस आली नाही याचं कुणाला काही वाटलं नाही. पाऊस उघडल्यावर ती आली ती एकटी नव्हती. बरोबर दोन्ही मुली, नवरा, आणि पाड्यावरच्या आणखी दोन बायका. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत खरचटलेलं होतं. ती ओसरीवर चढली नाही, अंगणातच उभी राहून सांगायला लागली.

"काका, मी गेली होती बाजाराला. येताना जीपवाल्याने रस्त्यावर सोडली. आमच्या ओहोळावर बुटका फरशीपूल आहे ना, त्याच्यावरून पाणी चाललं होतं, पण थोडंच, घोट्याएवढं. पलीकडे हा उभा होता मला न्यायला," तिने नवऱ्याकडे बोट केलं. "मी अर्ध्यात आली नि वरून एकदम लोंढा आला. पाय उचलला गेला. पिशवी गेली, छत्री गेली, मी पण गेली."

तिचा नवरा खाली बघत म्हणाला, "मी काठाकाठाने धावत होतो. हिला हाका मारत होतो. ही काही बोलेच ना."

"बोलणार कशी? कान पाण्यात!" सविता म्हणाली. "पहिल्यांदा मी हातपाय झाडले. नाकातोंडात पाणी गेलं. मग मला तुमचा आवाज आला, काका, देवाशपथ. 'मान सोड.' मी सोडली. पाय पुढे केले. मग पाणीच मला घेऊन चाललं. वर सगळं ढगाळ, झाडं मागे मागे जात होती. वळणावर करंजाच्या फांद्या पाण्यात लोंबत होत्या, त्यांत मी अडकली. हा आला आणि त्याने मला ओढून काढली."

 काकूंनी पदराने तोंड पुसलं. नारूकाका खुर्चीतून उठले आणि घरामागे गेले. थोड्या वेळाने पंप सुरू झाल्याचा आवाज आला. वाडी पावसाने तुडुंब भरलेली, कुठे पाणी सोडायचं नव्हतं. काकू म्हणाल्या, "असू दे. चालू दे थोडा वेळ." पंप चालत राहिला. मग बंद झाला, आणि काका परत आले. डोळे लाल होते. त्यांनी सविताच्या धाकट्या मुलीकडे बघून विचारलं,

"हिला येतं का?"

"नाही ना. म्हणून तर आणलं," सविता म्हणाली. "आणि या दोघींना पण. पण काका, पाड्यावर खूप जणी आहेत. सगळ्या इथे कशा येणार? जीपला पैसे पडतात."

"मग मी येतो," काका म्हणाले.

घरात यावरून चांगलंच वाजलं. मुग्धाचे बाबा म्हणाले, या वयात एसटीने तिकडे जायचं, गुडघे बघा. डॉक्टरांनीही नको म्हटलं.  काकूंनी फक्त रविवारच्या डब्याला काय द्यायचं ते विचारलं. पाऊस संपला, ओहोळ शांत झाला, आणि काका रविवारी तलासरीच्या बाजूला जायला लागले. मुग्धा बरोबर असायची, आणि जमेल तेव्हा मी. पाड्याखाली ओहोळाला एक डोह होता, एका बाजूला कमरेएवढं पाणी, तळाला वाळू. तिथे सविता शिकवायची आणि काका खडकावर बसून ओरडायचे. पाड्यावरच्या बायकांना त्यांचा आवाज आवडायचा. त्या त्याची नक्कल करत. काकांना ते कळायचं आणि ते आणखी मोठ्याने ओरडायचे.

तिथे त्यांना आणखी एक गोष्ट करावी लागली, जी मला फार आवडली. त्यांनी विचारायला सुरुवात केली. फांदी कुठली धरायची, कुठली तुटते; पाणी चढणार हे आधी कशावरून कळतं. पाड्यावरची म्हातारी माणसं सांगायची, पाण्याचा रंग मातकट झाला आणि त्यात पालापाचोळा यायला लागला की वरती पाऊस लागलाय असं समजायचं, बाहेर पडायचं. काका ते ऐकून मुलींना सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "हे माझ्या आजोबांचं नाही. हे तुमच्या आजोबांचं आहे. घरी जाऊन त्यांना आणखी विचारा."

मग आमची बदली झाली. सामान बांधून झालं होतं, निघायच्या आधीच्या रविवारी मी शेवटची म्हणून काकांबरोबर पाड्यावर गेले. हिवाळा होता, ऊन छान होतं. मुलींचा गोंधळ आटोपत आला होता, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आपल्या नातीचं बोट धरून डोहावर आले. काकांच्याच वयाचे, डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं. नात आठ-नऊ वर्षांची.

काका खडकावरून म्हणाले, "पाठवा तिला. सविता घेईल."

"ती शिकली," म्हातारे म्हणाले. "मागच्या रविवारी. ती मला घेऊन आली आहे."

"तुम्हाला?"

"मला नाही येत." आणि मग थोडं लाजून, "मला कोणी शिकवलंच नाही. आता हिच्यासमोर भीती वाटते म्हणायला पण लाज वाटते."

काकांनी सदऱ्याची बटणं सोडायला सुरुवात केली. मुग्धा म्हणाली, "आजोबा, गुडघे!" त्यांनी ऐकलं नाही. सदरा घडी करून खडकावर ठेवला, चष्मा त्यावर ठेवला, आणि त्या म्हाताऱ्यांचा हात धरून दोघं वाळूवरून पाण्यात उतरले. आधी कमरेपर्यंत. मग काकांनी एक हात त्यांच्या मानेखाली आणि एक पाठीखाली घातला. म्हातारे ताठ, काठीसारखे. काठावरून त्यांची नात हातवारे करून काय काय सांगत होती. काका तिचं ऐकून मान डोलवत होते.

आमच्या परतीच्या बसची वेळ झाली होती. मी हाक मारली. काकांनी वळून बघितलं नाही, दोन्ही हात गुंतलेले होते.

"तुम्ही व्हा पुढे, वहिनी," ते ओरडले. "मी पुढच्या गाडीने येतो."

चढण चढून रस्त्यावर आले आणि मागे वळून बघितलं. खाली डोहात उन्हाची चमक होती, आणि त्या चमकेत दोन पांढरी डोकी अगदी जवळजवळ. पाण्यावर आडवे झालेल्या म्हाताऱ्यांचे दोन्ही हात आता पसरलेले होते. नात टाळ्या वाजवत होती. काकांनी आपला एक हात पाण्यातून बाहेर काढला आणि बोटाने वर, आकाशात, कुठे तरी दाखवलं.